खुळीची वस्ती

इंदिरानगरातल्या रोहिणीला कुणी गाव विचारलं की ती ठोकून द्यायची, "निफाड." खरं गाव निफाडच्या पुढचं, खुळीची वस्ती. कॉलेजात पोरी त्या नावाला फिदीफिदी हसल्या, तेव्हापासून तिनं ते गिळूनच टाकलं होतं.

तिचे वडील सावळीराम मात्र येईल त्याला रंगवून सांगत. दुष्काळात सगळ्यांनी आपापल्या विहिरी राखल्या, पण त्यांच्या आजीनं आपली विहीर साऱ्या जातींना मोकळी ठेवली. लोक तिला खुळी म्हणाले आणि वस्तीला तेच नाव चिकटलं.

आज रोहिणीच्या मुलीला, म्हणजे त्यांच्या नातीला, बघायला पाहुणे आले होते. "आबा, निफाडच सांगा हं. तुमचं पुराण नको," रोहिणीनं आधीच दम भरला होता.

पोहे खाता खाता मुलाची आजी म्हणाली, "निफाडचे का तुम्ही? माझी आई दुष्काळात तिकडच्या खुळीच्या विहिरीवर जगली. मरेपर्यंत त्या बाईचं नाव घ्यायची. कोण होती हो ती?"

सावळीरामांनी एकदा लेकीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाय बा. आपल्याला नाय ठाऊक."

चहाचा ट्रे धरून उभ्या रोहिणीचे कान शरमेनं तापले. जन्मात पहिल्यांदा ते नाव तिला सांगावंसं वाटलं, आणि जीभच उचलेना.