न्हाणीघरातलं खिदळणं

औंढ्याच्या येसूबाईला हसू आवरत नसे. मयतीला गेली तरी पदर तोंडात कोंबून बसायची. लोणावळ्यात एका बंगल्यावर ती धुणीभांडी करी. १९६८च्या दिवाळीआधी झाडलोटीला तिनं मुलगी सरू आणि शेजारची झुंबर, दोघींना सोबत नेलं. दोघी पंधरा-पंधरा वर्षांच्या.

कोटावरचे डाग काढायला मालकीणबाई न्हाणीघरात पेट्रोलची बाटली ठेवीत. चौथ्या दिवशी दुपारी तिथून खिदळणं ऐकू आलं. इतकं, की व्हरांड्यात सतरंजी झटकणारी येसूबाई कारण न कळताच हसायला लागली.

"काय गं झालं? मला बी सांगा की!"

"आये, भिंत नाचतीया!" सरू आतून ओरडली, आणि पुन्हा हशा.

येसूबाई डोळे पुसत दारात आली, तर नाकात पेट्रोलचा भपकारा. पोरी बाटली हुंगत बसल्या होत्या. तेवढ्यात हसता हसता भिंतीला टेकलेली झुंबर खाली घसरली आणि गप्प झाली. ओठ काळेनिळे पडले. येसूबाईनं तिला काखेत धरून अंगणात ओढत नेलं, मग सरूला आणलं. बंगल्याचा माळी बजरंग डॉक्टरकडे पळाला.

डॉक्टर येईतो झुंबर ओकून शुद्धीवर आली होती.

"नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "हे हुंगून काळीज एकदम बंद पडतं. पहिल्या खेपेलाही."

"पर डाक्टर, ह्या तर हसत व्हत्या!"

"हसतानाच जातात, बाई."

संध्याकाळी त्या घरी आल्या. चुलीपुढं येसूबाईनं विचारलं, "का गं केलंस?"

"गरगरल्यावानी व्हतं. लय मजा येती," सरू रडत म्हणाली. "आदी बी दोनदा केलंतं."

येसूबाईचा हात उगारला गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बाटली मालकिणीकडून कुलपात ठेवून घेतली आणि गावात दारोदार जाऊन पोरींच्या आयांना सगळं सांगितलं.

पंधरा दिवसांनी, झुंबर चांगली हिंडूफिरू लागल्यावर, तिनं दोघींना अंगणात बोलावलं.

"गरगरायचंय न्हवं? या हिकडं!"

पंचेचाळिशीच्या त्या बाईनं हात धरले आणि फुगडीला सुरुवात केली. आधी सरू, मग झुंबर. वेण्या आडव्या उडाल्या, कोंबड्या कलकलत कुडावर चढल्या.

"मावशे, थांब! आभाळ फिरतंया!"

"फिरू दे!"

शेवटी तिघी धुरळ्यात एकमेकींवर कोसळल्या. पोरी पुन्हा कधी बाटलीच्या वाटेला गेल्या नाहीत. येसूबाईची कंबर मात्र चांगली चार दिवस धरली, बंगल्यावरची धुणी सरूनंच उरकली.