उद्याच्या थेंबाची सही

वडिलांच्या डोळ्यांत थेंब न घालता त्यांचा पंधरा दिवसांचा औषधोपचार मी सहीनिशी पूर्ण केलेला आहे. रजिस्टर अजून माझ्याजवळ आहे. एकही रकाना रिकामा नाही!

तेव्हा आम्ही दिल्लीच्या द्वारकेत नवा फ्लॅट घेतला होता. मेट्रोचे नुसते खांब उभे होते, पाणी टँकरने यायचं. पण भिंतींचा रंग नवा, फ्रिज नवा आणि माझी छातीही नव्यानेच फुगलेली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी! माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मेहकरच्या बाजारात चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली, म्हणून मी बी.कॉम. होऊन दिल्लीत केंद्र सरकारच्या खुर्चीत बसलो. त्या अण्णांना आता सुईत दोरा ओवता येईना. चष्म्याचा नंबर काढायला करोल बागेत नेलं, तर निघाला काचबिंदू.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "काला मोतिया है. जितनी नज़र गई, वो वापस नहीं आएगी. जो बची है, वो इसी दवा से बचेगी. सुबह-शाम, दोनों आँखों में एक-एक बूँद. दर्द होता नहीं, इसलिए लोग भूल जाते हैं. आप मत भूलना."

"मॅडम, मैं सरकारी आदमी हूँ," मी ताठ होत म्हणालो. "भूलने का सवाल ही नहीं!"

परत येताना अण्णांनी एकच विचारलं, "मनूच्या गॅदरिंगचा घागरा मलाच शिवता येईल ना रे?" मनू म्हणजे माझी मुलगी, पाचवीतली. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही निश्चिंत राहा. आता सगळं पद्धतशीर होणार!"

आणि पद्धतशीर म्हणजे रजिस्टर! मी त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर आणून पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, उजवा डोळा, डावा डोळा, सही, तपासणी. सकाळचा थेंब माझ्याकडे, संध्याकाळचा बायकोकडे, म्हणजे सुनीताकडे. तपासणी अधिकारी मनू. (अण्णांकडे फक्त डोळे.)

पहिला आठवडा काय सोहळा होता! मी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचो. अण्णा पलंगावर आडवे, मनू घड्याळापाशी, सुनीता दारात.

"अण्णा, वर बघा!"

"वर पंखा आहे."

"मग पंख्याकडे बघा!"

बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून मी बाटली वीतभर उंच धरायचो. पहिला थेंब नाकावर, दुसरा मिशीवर.

"अरे प्रकाश, डोळा इकडंय!"

तिसरा बरोबर पडायचा. मग डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. मनू ओरडायची, "टाइम ओव्हर, आजोबा!" मग मी सही करायचो. अशी झोकदार सही मी ऑफिसातही कधी केली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला नेणाऱ्या आमच्या चार्टर्ड बसने घात केला. ती दहा मिनिटं लवकर सुटू लागली. सकाळी दाढी, डबा, बस आणि थेंब यांचा मेळ बसेना. मग मला आमच्या सेक्शनची जुनी सोय आठवली. आमच्याकडे सोमवारी आठवडाभराच्या हजेरीच्या सह्या उरकून टाकायची पद्धत होती. काम काय, होतंच! सही अडायला नको. मी रविवारीच आठवड्याच्या सकाळच्या सह्या ठोकल्या, मनात म्हणालो, थेंब घालीनच, आणि सोमवारी बसमागे पळालो.

सुनीताने रजिस्टर पाहिलं. सही आहे, म्हणजे थेंब गेला. संध्याकाळी तिचा शिकवणीचा वर्ग असायचा. तिने माझ्या सह्या पाहून माझाच धडा गिरवला. (पतिव्रता!) मनूने विचार केला, आईबाबा दोघांच्या सह्या आहेत, यार, मग चेक काय करायचं? तिने 'तपासले' असं पूर्ण पान भरून लिहिलं. अक्षर सुंदर होतं. पुढच्या दोन्ही रविवारी हेच झालं.

आणि अण्णा? त्यांनी एकदा विचारलंही, "मनू, आज थेंब नाही का गं?"

"आजोबा, सही झालीये!"

"मग झालं," अण्णा म्हणाले.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा करोल बागेत. बाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, पुन्हा मोजला. चेहरा गंभीर. "प्रेशर तो बिल्कुल नहीं उतरा. दवा असर नहीं कर रही. ऑपरेशन का सोचना पड़ेगा."

अण्णांना हिंदी कळत नव्हती, पण 'ऑपरेशन' कळलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "अरे, घागरा अजून कापलासुद्धा नाही!"

"मॅडम, एक भी बूँद नहीं छूटी!" मी जवळजवळ ओरडलोच आणि पुरावा म्हणून रजिस्टर टेबलावर आपटलं.

बाईंनी पानं चाळली. कौतुकाने मान हलवली. मग बोट एका ओळीवर थांबलं.

"आज मंगल है ना?"

"जी."

"ये बुधवार की बूँद आपने डाल भी दी? शनिवार तक की?"

मी छताकडे पाहिलं. तिथेही पंखाच होता.

"बोतल दिखाइए." मी दाखवली. ती उजेडात धरून बाई म्हणाल्या, "अब तक खाली होने को आनी थी, ये तो आधी से ज़्यादा भरी है! आपके साइन पर मैं इनकी आँख का ऑपरेशन लिखने वाली थी!"

मी अण्णांना सगळं मराठीत सांगितलं.

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, "मी म्हटलं, तू एवढा शिकलेला. कागदावर आहे म्हणजे डोळ्यात गेलंच असणार. मलाच कळलं नसेल."

याच्यापेक्षा त्यांनी कापड मोजायच्या गजाने मारलं असतं तर बरं झालं असतं!

बाईंनी बाटली सरळ अण्णांच्या हातात दिली आणि खुणेने म्हणाल्या, तुम्ही घाला. अण्णांनी मान मागे टाकली, खालची पापणी ओढली, टप्! एक थेंब, बरोबर डोळ्यात. मग दुसऱ्या डोळ्यात.

"मशीनच्या भोकात तेल घालायचं तसंच की हे," ते डोळ्यांचे कोपरे दाबत म्हणाले. "थेंब सोडायचा, नळी टेकवायची नाही. चाळीस वर्षं तेच केलं. मला विचारलं का कुणी?"

"आज से दवा अंकल खुद डालेंगे," बाई म्हणाल्या. "नई बोतल लीजिए. और सुनिए, खुलने के चार हफ्ते बाद फेंक देनी है. भरी हो, तब भी!" शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

त्या दिवसापासून अण्णा पलंगाशेजारी पांढऱ्या कापडाचा तुकडा ठेवू लागले. थेंब घातला की लाल दोऱ्याचा एक टाका. मी म्हणालो, "अण्णा, रजिस्टर आहे ना?" तर म्हणाले, "तुझी सही म्हणजे कच्चा टाका रे. ओढला की सुटतो!"

महिन्याभराने दाब उतरला. बाईंनी ते कापड कौतुकाने पाहिलं. सुईत दोरा मनू ओवून द्यायची, पण घागरा अण्णांनीच शिवला. मनू गॅदरिंगमध्ये अशी गिरकी घेऊन नाचली की मी खुर्चीवर उभा राहून टाळ्या पिटल्या.

पुढच्याच आठवड्यात तिचं प्रगतिपुस्तक आलं. पालकांची सही हवी होती. मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

"राहू दे, बाबा," मनू पुस्तक मागे घेत म्हणाली. "तुमची सही आपल्या घरात चालत नाही. मी आजोबांची आणते!"