आईच्या तोंडातला पदर

आई शेवटचे महिने तोंडात पदर धरून जगली.

तिला जाऊन आज वर्ष झालं.

तिचा एक नियम होता. डब्यातले तांदूळ संपले तरी 'नाही' म्हणायचं नाही. 'आणायचे आहेत' म्हणायचं. घर ऐकतं आणि तथास्तु म्हणतं.

बाबा चिडवायचे. "तुह्यं घर आयकते, त म्हन ना, यंदा धान दुप्पट होवो."

"मनात लालूच असन त घर चूप बसते जी. त्याले मनातलंबी समजते."

मग तिला लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला.

नाई.

चहा घेतेस? "नाई." आणि डावा हात कपाकडं.

भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला इजा झाली की असं होतं. त्या शब्दाचा अर्थ धरू नका."

आम्ही धरला नाही. बाबा म्हणायचे, "जिंदगीभर वाचवून ठेवला, आता खर्च करून राहिली." आईही हसायची, अर्ध्या तोंडानं.

मग माझी धाकटी बहीण सुषमा माहेरी, करडीला आली. सातवा महिना होता. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं.

तिन्हीसांजेला ती आईच्या खाटेवर टेकली. सहज विचारलं.

"आई, या टायमाले सारं बराबर होईन ना?"

"नाई."

आईनं ते स्वतःच ऐकलं. वर आढ्याकडं पाहिलं. शब्द परत घ्यायला गेली.

"नाई. नाई. नाई."

सुषमा म्हणाली, "तू हो म्हनून राहिली. मले समजते ना."

आईनं डाव्या हातानं पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरांचं म्हणणं आम्ही पुन्हा पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, "तो शब्द तुहा नाही व. बिमारीचा आहे."

ती आढ्याकडं बघत राहिली. तिनंच आम्हाला जे शिकवलं होतं, त्याच्यापुढं आमचं काही चाललं नाही.

सुषमाची ओटी तिनं पदराचा काठ दातात धरून भरली. तांदूळ डाव्या हातानं घातले. ओटीला डावा हात चालत नाही, हे त्या दिवशी कुणी बोललं नाही.

मुलगी झाली. धडधाकट. आईच्या मांडीवर दिली.

"आता त बोल," बाबा म्हणाले.

आईचे डोळे वाहत होते. पदर सुटला नाही.

थोड्याच दिवसांत ती तशीच गेली.

त्या पदरामागं ती मनात काय म्हणत होती, मला माहीत नाही. नातीसाठी काही मागत असेल. की तो एक शब्द अडवण्यातच सगळं बळ गेलं? विचारून उपयोग नव्हता. उत्तर एकच आलं असतं.

मुलगी आता घरभर चालते. पडली की सुषमा वर आढ्याकडं बघते. मीही बघतो.

आई, घराला मनातलं समजतं म्हणायचीस. समजलं असेल.

आम्हाला नुसता शब्द ऐकू आला.

पदर सोड आता.