कॅप्टनबाईंविषयी मी मराठीत काय म्हणालो

मोठ्या देवळातल्या नंदीची शपथ घेऊन सांगतो, या हकिकतीतला शब्द न् शब्द खरा आहे. आता नंदीची शपथ मी आठवड्यातून दोनदा तरी घेतो, आणि यातली एक जागा मी जरा सजवली आहे, हेही खरंच. कुठली ते सांगेन. तोवर चहा घ्या आणि माझी फजिती ऐका.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. यातून पिढ्यान् पिढ्या एक सोय झाली आहे. चारचौघांत कुणाला नावं ठेवायची तर मराठीत, अगदी खुल्या आवाजात. लग्नात व्याह्यांच्या पायसमबद्दल, बसमध्ये कंडक्टरच्या ढेरीबद्दल आम्ही त्यांच्या तोंडावर बोलतो आणि वर हसून नमस्कार करतो. आजवर कुणी पकडलं नव्हतं.

गेल्या वर्षी इथल्या काही पोरांनी इंटरनेटवर अंतराळजहाजाची तमिळ मालिका काढली. मी आणि माझा चुलतभाऊ सेतू तिचे पक्के भक्त. तिच्यात गुरूच्या चंद्रावर इडलीचं पीठ फुगायचं, यंत्रमानव कपाळाला अंगारा लावून कामाला बसायचा, मिशीवाला कॅप्टन मरून परत यायचा. सगळं आम्हाला पटत होतं. मग कॅप्टन पुन्हा मेला, आणि जहाजाचे नकाशे बघणारी बाई कॅप्टन झाली. ते मात्र पटेना. विज्ञानाला काही धरबंध आहे की नाही?

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सभागृहात नवा भाग पडद्यावर दाखवणार होते. दिग्दर्शक म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा. तो उभा राहून म्हणाला, "जुना कॅप्टन परत आणा म्हणून रोज शिव्या येताहेत. पैसे घालणारेही तेच म्हणताहेत. आज तुमचं ऐकून ठरवू, बाईंना ठेवायचं की पुढच्याच भागात मारायचं."

दिवे मालवले. पडद्यावर लांब वेणीची कॅप्टन आली.

"सेतू, ही बघ," मी सुरू केलं. "हिला पापनाशमच्या बसमध्ये खिडकी मिळवता यायची नाही, आणि ही जहाज उतरवणार."

"अण्णा, हळू बोला."

"कशाला? इथे कुणाला कळतंय? आवाज ऐक. हुकूम देतेय की वांग्यांचा भाव पाडतेय? हिला सांबार ढवळायला पाठवा आणि मिशीवाल्याला उठवा चितेवरून."

सेतू खुदखुदला. कुणी हसलं की मला चेव येतो. शेवटचं दृश्य संपेपर्यंत माझी गाडी थांबली नाही. पुढच्या रांगेत आखूड केसांची एक मुलगी ताठ बसली होती. एकदाही मागे वळली नाही.

दिवे लागले. दिग्दर्शकाने पुकारलं, "आपल्या कॅप्टन, तिरुवैयारूच्या भार्गवी." आखूड केसांची मुलगी उठली. वेणी खोटी होती तर.

तिने माइक घेतला आणि शांतपणे तमिळात म्हणाली, "माझ्या मागचे मामा सबंध वेळ बोलत होते. आधी त्यांचं मत ऐकू या."

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. काय सांगणार होतो मी? मग मला जे उत्तम जमतं तेच केलं.

"मी भावाला म्हणत होतो," मी तमिळात सुरू केलं, "की काय ही जरब. हिच्या हाती जहाज द्यावं आणि आपण निवांत झोपावं."

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर गप्प बसायला मी काय संत आहे?

"हिला काढलंत तर मी याच पायरीवर उपोषणाला बसेन."

सेतू पुटपुटला, "उपोषण? तुमचा दहीभात दहा मिनिटं लांबला तर घर डोक्यावर घेता."

पण कोपऱ्यातल्या एका गृहस्थाने मिशीवाल्याच्या नावाचा फलक खुर्चीखाली सरकवला. कॉलेजातली एक मुलगी उठून म्हणाली, "मलाही हेच म्हणायचं होतं, पण लोक तुटून पडतात म्हणून भीती वाटत होती." मग आणखी दोघी उठल्या. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "ठरलं. कॅप्टन याच."

मी छाती काढून बाहेर आलो. पायरीशी भार्गवी उभी होती. तिने हात जोडले आणि आमच्या घरांतल्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, "तमिळांत फार चांगलं बोलिलांत, मामा."

म्हणजे आत मी मराठीत बोललो ते सगळं हिला कळलं होतं.

"फोनवर तसलं रोज वाचतें. तें परक्यांचं म्हणून सोडून देतें. आपल्या घरच्या भाषेंत आज पहिल्यांदां ऐकिलं." तिने जोडलेले हात खाली घेतले. "आतां तमिळांत म्हणिलांत तेंच एकदां मराठींत म्हणा."

मग काय, तिथेच उभं राहून मी ते सगळं भाषण मराठीत म्हणून दाखवलं, जरब, जहाज, उपोषणासकट. ती मनापासून हसली आणि सेतूने डोळे पुसले.

हीच ती सजवलेली जागा.

खरं घडलं ते असं. ती वाट बघत होती आणि मी खाली वाकून चप्पल शोधत राहिलो. चप्पल पायातच होती.