छतावरचा बर्फ

ओनेझिम सिरच्या घराची गावाने आयुष्यभर टिंगल केली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या उत्तर टोकाला हिवाळ्यात सगळ्यांची छतं पांढरी असत. याचं मात्र दोन दिवसांत काळं पडे आणि कडेला माणसाएवढे बर्फाचे सुळे लोंबत. समोरचा क्लोव्हिस म्हणायचा, "ओनेझिम आभाळाला शेक देतो." जन्मभर बटाट्याचे ट्रक चालवलेला ओनेझिम हसून चुलीत आणखी एक ओंडका सरकवायचा.

बायको गेल्यावर मुलगी रेजान हट्टाला पेटली. "पापा, वरच्या खोलीत मला कोट काढून झोपता आलं तर राहा इथे. नाहीतर माझ्याबरोबर पोर्टलंडला चला." तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या, हे त्याला मुळीच नको होतं. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही.

घरातली ऊब कुठून गळते ते तपासणाऱ्या जिनेटला त्याने बोलावलं. तिने दारात भलामोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायला लावली. त्याबरोबर फटींतून बाहेरची गार हवा आत शिरू लागली आणि ओनेझिम ओला हात धरून त्या फटी शोधत फिरला. त्याचा सगळा संशय खिडक्यांवर होता. पण माळ्यावर, धुराड्याभोवती, असा वारा आला की त्याचे विरळ केस उभे राहिले. तिथे त्याने स्वतःच कधीकाळी ऊब राखायला जाड लोकर अंथरली होती.

"काका, स्वेटर घातलात, बटणं लावायची राहिली," जिनेट म्हणाली.

मग सगळा शरद ऋतू तो माळ्यावर रांगला. आधी फटी बुजवल्या, धुराड्याभोवती पत्रा ठोकला, मग वर कागदाच्या मऊ चुऱ्याचा जाड थर यंत्राने फुंकून घेतला. घर आता घट्ट झालं म्हणून चुलीला बाहेरून हवा आणणारी वेगळी नळी जिनेटने बसवून दिली.

पहिल्या मोठ्या बर्फानंतर एका सकाळी दार धडधडलं. फावडं घेतलेला क्लोव्हिस, चेहरा पांढराफटक.

"जिवंत आहेस?"

"का रे, निराशा झाली?"

"छत पांढरंशुभ्र, एक सुळा नाही, धूरही जेमतेम! म्हटलं चूल विझली आणि तूही गेलास. रेजानला फोन करून बसलोय मी!"

नुसत्या सदऱ्यावर प्लॉयची धिरडी भाजत उभ्या ओनेझिमचा हात थांबला. आता ती येणार आणि घेऊनच जाणार.

संध्याकाळी ती आली. डोळे लाल, दोघा म्हाताऱ्यांना यथेच्छ झापलं आणि न जेवता वर गेली. ओनेझिम खाली बसून छताकडे कान लावून होता. खोकला नाही, पावलं नाहीत. काहीच कळेना.

सकाळी कॉफी घेऊन तो भीत भीत वर गेला. कोट खिळ्याला होता, त्यावर स्वेटर, आणि रजई पायाशी ढकललेली.

"पापा," ती उशीत तोंड खुपसून पुटपुटली, "जरा खिडकी उघडा ना. उकडतंय."