परसातल्या एका झाडाचा अर्ज

नियमासाठीच जन्माला आलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच, ओतूरच्या मावशीचे यजमान. काका एसटीत कंडक्टर होते. नवी नवरी असलेली मावशी माहेराहून कोंबडी घेऊन त्यांच्याच गाडीत बसली, तर भर गाडीत त्यांनी कोंबडीचं अर्धं तिकीट फाडलं. रस्त्यात कुत्रंसुद्धा नसलं तरी सायकल वळवताना हात दाखवत. मावशी म्हणायची, "देवळात कुनी नसलं तरी इचारत्यात, रांग कुठाय?"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मावशीला कॅन्सर झाला, तो हाडांत उतरला आणि हसणं संपलं. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. जनावरांना लस टोचायला मी डोंगरातल्या आहुपे गावाकडे जात असे. तिथल्या एका वैदूनं सांगितलं, थोडा गांजा गुळात दिला तर दुखणं सोसवतं. मी काकांच्या कानावर घातलं. ते उठले आणि कागद-कार्बन घेऊन आले. "आपल्या दुखन्यासाठी कायदा मोडायचा न्हाई राव, बदलून घ्यायचा!"

मग मंत्रालयात अर्ज सुरू झाले. राज्यानं नियम बदलावा, आजाऱ्याच्या परसात मोजून एक झाड लावू द्यावं, तलाठ्यानं ते सातबाऱ्यावर चढवावं. कीड लागलेलं पान शेतकरी जसं नमुना म्हणून जोडतात, तसं पान जोडायचं त्यांच्या मनात होतं. पण पान बाळगणं हाच गुन्हा, म्हणून पानाचं चित्र काढून जोडलं. एकवीस अर्ज गेले, उत्तर एकाचंही नाही. आतल्या खोलीत मावशी उशी दातांत धरून पडलेली. मला काकांचा असा संताप यायचा, की त्यांची पेनं मोडून टाकावीत.

एका दुपारी तीच मला म्हणाली, "सरकारला इचारून झालं त्यांचं. मला कवा इचारनार? तू आन बाबा."

मी आणलं. काका पोस्टात गेले की ती गुळाचा खडा तोंडात टाकी. किती महिन्यांनी ती दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली! काका हरखले. डॉक्टरांनी नुकत्याच गोळ्या बदलून दिल्या होत्या; त्याच लागू पडल्या असं त्यांनी ठरवलं. आणि खोटी मागणी सरकारदरबारी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी बाविसावा कागद लिहिला: रुग्णास आराम पडला असल्याने अर्ज मागे घेत आहे. याला मात्र पंधरा दिवसांत उत्तर आलं. प्रकरण निकाली.

तोवर पुडी संपली होती. पोलीस येणार अशी आवई उठली आणि वैदूनं धास्तीनं झाडं उपटली. दुखणं परतलं, पण मावशी कण्हेना. मी म्हणालो, "काकांना सांगतो, पुन्हा अर्ज करतील."

"नगं," ती म्हणाली. "बरं हाय म्हून लिवून दिलंय त्यांनी. उभ्या जल्मात खोटं लिवलं न्हाई मानसानं."

महिनाभर ती ओठ मिटून पडली आणि तशीच गेली.

पुढे काका सात-आठ वर्षं जगले. ते उत्तर त्यांनी तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. मी गेलो की काढून दाखवत. "शेवटाला तरास झाला न्हाई तिला. गोळी लागू पडली, न्हाई का?"

"हो काका," मी म्हणायचो. मग ते कागदाची घडी जुन्या दुमडीवरच घालत आणि आत जाऊन माझ्यासाठी गूळ-पाणी आणत. तो गूळ मला कधी गिळवला नाही.