उंद्रीच्या दंगलीतली दुसरी कुस्ती

भगवानराव पाटलाचं नाव माह्यासमोर घेऊ नोका. आंगाची आग होते.

माहा लहाना भाऊ उकंडा पैलवान होता. शेतीवर नाही, कुस्तीवर खायचा. चिखलीकडं का सुलतानपुराकडं, जत्रेत दंगल असली का त्याले बलावणं यायचं आन त्याच बिदागीवर आमची चूल पेटायची. नवरा गेल्यापासून मी त्याच्याचपाशी राहे.

जर्मनच्या लढाईत सरकारले माणसं पाहिजे होती आन भगवानरावाले सायबापुढं मिरवायचं होतं. त्यानं उकंडाले पुढं केलं. म्हणे, "तुह्यासारखा गडी गेला का बाकीचे पोट्टे आपोआप येतीन." सोताचं पोरगं मात्र बुलडाण्याच्या शाळेत! उकंडा पलटणीसंगं साता समुद्रापार बसऱ्याले गेला आन डाव्या हाताची तीन बोटं तिकडंच ठेवून आला. पैलवानाची पकडच गेली, मंग राह्यलं काय?

गाव लय हळहळलं. हळहळीनं पोट भरते काय? उकंडा गुमान आखाड्यात गेला. बोटांतली पकड त्यानं कोपरात आणली. समोरच्याची मान काखेत दाबायची आन मनगटानं आवळायची. संध्याकाळी मी त्याचा हात तेलानं चोळू लागली का तो कळवळून मले शिव्या द्यायचा. मीबी द्यायची.

पण जोड लावणारे पंच त्याच्याकडं पाहतच नव्हते. म्हणत, "थोट्यासंगं कोणाले लढवावं बे?" चार गावांसमोर एक खरी कुस्ती झाली असती तर त्याले पुन्हा बलावणी आली असती. तेवढंच पाहिजे होतं त्याले.

त्या साली उंद्रीच्या जत्रेले तालुक्याचा साहेब येणार होता. झाली मंग भगवानरावाले उकंडाची आठवण! आपण धाडलेला शिपाई जिंकताना सायबाले दाखवायचा होता त्याले. सुलतानपूरच्या रहेमतुल्लासंगं त्याची जोड लावली. त्या वक्ताले रहेमतुल्लाएवढा तगडा पैलवान आजूबाजूले नव्हता. बाया दंगल पाहाले जात नाहीत, पण मी गेली. बैलगाडीवर चढून उभी राह्यली. ज्याले जे म्हणायचं ते म्हणू दे.

सलामी झाली. हाताले हात लागला न लागला, आन रहेमतुल्ला पाठीवर! लोकं ओरडले, साहेबानं टाळ्या वाजवल्या, भगवानराव रेशमी फेटा घेऊन कुस्तीच्या मातीत, हौद्यात उतरला. उकंडा तसाच रहेमतुल्लाच्या छातीवर बसून होता.

"काऊन पडला बे?" त्यानं इचारलं.

रहेमतुल्लानं मान फिरवली. "पाटलाचा हुकूम था, भाई."

उकंडा उठला. असा लाल झालेला मी त्याले कधीच पाह्यला नव्हता. "हे कुस्ती खोटी हाय!" तो साऱ्या दंगलीले ऐकू जाईन असा ओरडला. "मले नाही पाहिजे फेटा!"

"गप राह्य!" भगवानराव दात खाऊन बोलला. "साहेब पाहून राह्यले."

"मले बसऱ्याले धाडलं तवाबी साहेबच पाहत होते, पाटील!"

मी गाडीवरून ओरडली, "बरं बोलला!" लोकं माह्याकडं वळून पाहू लागले. पाहा म्हटलं.

उकंडानं हौद्यातली मूठभर माती घेतली आन रहेमतुल्लापुढं धरली. माती घेतली का कुस्ती कबूल, हा आखाड्याचा कायदा. रहेमतुल्लानं एकदा पाटलाकडं पाह्यलं. मंग त्यानं माती घेतली, दोन्ही तळहातांले चोळली आन "या अली!" म्हणून भिडला.

आता खरी कुस्ती लागली. उकंडानं दोनदा त्याची मान काखेत धरली, दोनदा रहेमतुल्ला सुटला. दोघंबी घामानं न्हाले. साहेब घड्याळ पाहून निघून गेला, पण लोकं जागचे हालले नाहीत. शेवटी रहेमतुल्लानं त्याले कमरेतून उचललं आन धाडकन आपटलं. दोन्ही खांदे मातीले लागले. उकंडा चितपट झाला.

भगवानराव हासला, "हारला ना लेका? आयता फेटा भेटत होता."

उकंडा छाती भरून दम घेत होता. तितक्यात बीबी गावच्या दंगलीचे पंच नारायणराव हौद्यात आले. त्याईनं पाटलाकडं ढुंकूनबी पाह्यलं नाही. उकंडाले हात देऊन उठवलं आन म्हणले, "पैलवान, बीबीले येशीन काय? पण सांगून ठेवतो, जोड भारी लावीन. मंग तिथं हारला तर तुटकी बोटं दाखवू नोको."

"हाव," उकंडा म्हणला. "कवा येऊ ते सांगा."